गोदाच्या माथी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलापाशी नाय, देवापाशीबी नाय. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायला हात धजत नाही — तरी लिहितो.

माझी बायको गोदा गेली, त्या दुपारी आम्ही दोघं दाराशी उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, तुमच्या ताटलीत दाण्यांपेक्षा अळ्याच जास्त. मी म्हणालो, तेवढीच कालवणाला चव. हसली. मग छातीवर हात ठेवून भिंतीला टेकली, आणि संपलं. संध्याकाळी तिला पोहोचवून आलो.

पण सांगायचं ते हे नाही. हे सोपं आहे, म्हणून आधी सांगितलं.

आमचा नातू नवसाचा. आमच्या घराण्यात नवसाच्या पोराचं जावळ सोयगावकडं, आमच्या देवीपुढं काढल्याबिगर त्याच्या अंगाला लोखंड लावत नाहीत. कात्री नाय, कान टोचणं नाय. सुईबी लोखंडाचीच की — मग गोवराची लस कशी चालंल? असं मी ठरवलं. मीच. मुलगा-सून दोघं बिडकीनला कामाला, पोर दिवसभर आमच्यापाशी पुंडलिकनगरात. मुलाला सुट्टी मिळेना, जावळ पुढं पुढं ढकललं गेलं. आणि लसीचं विचारलं की मी सांगायचो, टोचून आणलं.

गोदाला हे पटत नव्हतं. ती म्हणायची, देवी म्हणजे आई, लेकराला औषध नको म्हणंल का ती? एकदा पोराला पदराखाली घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली. मी दारात आडवा झालो. म्हणालो, पोराचं काही झालं तर तुझ्या माथी. भीत होतो का? व्हय, भीत होतो — देवीला. पण लसीसाठी आशाताई दारात आली, तेव्हा पोर आजोळी गेलंय म्हणून सांगताना माझी जीभ अडखळली नाही. देवीला भिणारा माणूस तिच्याच फोटोखाली उभा राहून खोटं बोलतो का?

मग गोवर आला. आधी आमच्याच घरात. नातवाच्या अंगावर पुरळ उठलं, मी आतल्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, आणि बाहेर कुणाला कळू दिलं नाही. पोर बरं झालं. पण ताप भरला त्या दिवसांत शेजारच्या शोभाची तान्ही मुलगीबी गोदाच्या मांडीवर असायची. लस द्यायच्या वयाचीसुद्धा नव्हती ती. तिला झाला. ताप डोक्यात गेला. जगली — आता चार वर्षांची आहे. तिला ऐकू येत नाही.

नर्सबाई चौकशीला आली, त्या दिवशी मुलगा, सून, शोभा, सगळे आमच्या दारात. पोराला लस का दिली नाही? मुलगा मला म्हणाला, बाबा, तुम्ही तर दिली म्हणत होता. मी काय केलं? बोट केलं. गोदाकडं. म्हणालो, हिला विचारा, हिनंच मला तसं सांगितलं. हिचं देवदेव.

गोदानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलते.

ती म्हणाली, "व्हय. मीच नाय म्हणले."

सून पोराला घेऊन बिडकीनला राहायला गेली. मुलगा आईशी बोलेनासा झाला. शोभा हळदीकुंकवाला आमचं दार टाळून पुढं जायची. आणि गोदा? त्यावर माझ्याशी एक अक्षर नाही. का अंगावर घेतलंस, हे मी कधी विचारलं नाही — विचारलं आणि तिनं सांगितलं तर? कुणाशी बोलत बसलेली दिसली, की मी पाण्याच्या निमित्तानं मधी जाऊन बसायचो. इतकं भ्यालो मी तिला. तिच्या सरणापाशी सगळे रडत होते, आणि माझ्या मनात आलं, आता हे कुणी बोलणार नाही. हलकं वाटलं मला. खरं सांगतो, हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा पिठलं-भाकरी घेऊन आली. सुतकाच्या घरात चूल कोण पेटवणार? मुलीचं बोट धरलेलं होतं. मुलगा माझ्याजवळ बसला होता. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं.

"काका," ती म्हणाली, "काकूबद्दल माझ्या मनात आता काही नाही. अडाणी बाई, देवाला भिऊन केलं तिनं. मी माफ केलं तिला."

मुलगा हुंदके द्यायला लागला. शोभाची पोर माझ्या ओठांकडं बघत उभी होती. बोलणाऱ्याकडं ती तशीच बघते.

मी म्हणालो, "अडाणीच होती ती." आणि भाकरी मोडली.