शास्त्रीबुवांचे कायद्याचे राज्य

रामघाटावरचे ढुंढिराजशास्त्री वेदपाठशाळेत शिकवत आणि परप्रांतातल्या त्या घाटावर स्थायिक झालेल्या मराठी घरांचा गणेशोत्सव चालवत. चालवत म्हणजे, कीर्तनकार तेच ठरवत, आरतीला पुढे तेच उभे राहत, आणि कुणी सूचना केली की त्यांना खोकला येई.

प्रांतात नव्या कायद्याने निवडणुका झाल्या, त्या साली टाउनहॉलात एका वकिलाचे राज्यघटनेवर व्याख्यान झाले. शास्त्रीबुवा तिथून आले ते पेटूनच.

"आजपासून माणसाचं राज्य नाही, कायद्याचं!" त्यांनी उत्सवाच्या सभेत सांगितले. "कायदे करणारा वेगळा, ते चालवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा."

तिन्ही कामांना लायक माणूस मात्र त्यांना एकच सापडला. मंडळी तयार होईपर्यंत तिन्ही पदे त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

पहिला कायदा झाला: लांबलचक भाषण करायचे नाही. त्याचे महत्त्व समजावताना बुवा इतके बोलले की समया विझल्या.

"शास्त्रीजी, कायदा सगळ्यांना लागू ना?" पेटीवाल्या वेणीमाधवाने विचारले.

"बिलकुल!" बुवांनी न्यायाधीश होऊन स्वतःला दोषी ठरवले आणि लगेच कायदा चालवणारा प्रमुख होऊन माफही केले. "असा खास अधिकार लाटसाहेबांनाही असतो," ते म्हणाले.

आत बायका मोदक वळत होत्या. बुवांच्या पत्नी शरदिनीबाई दारात आल्या. "अहो, हे कायदे करताना आम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"कळत नाही, तरी पाळायचे आम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी रामघाटावरच्या एकाही मराठी घरात चूल पेटली नाही. गणपतीला बाजारचे पेढे मिळाले, बुवांना तेही नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी तत्त्वासाठी कळ काढली, मग बायकांसकट सभा बोलावली.

उत्सवाचा अध्यक्ष निवडायला हात वर झाले. मोदक वळणाऱ्या बायकांतल्या बकुळआत्या निवडून आल्या. बुवांनी हात पुन्हा मोजले. मग आशेने आणखी एकदा मोजले.

"निकाल... कायदेशीर आहे," ते म्हणाले आणि आपण होऊन गादीवरून उतरले. कुणी ओढले नव्हते, याचेच त्यांना वाईट वाटले. थोडा अभिमानही वाटला. या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व सांगावे म्हणून त्यांनी घसा साफ केला.

"बुवा," बकुळआत्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या. सभा बोलावलीत तेव्हाच चुली पेटवल्या, पानं वाढलीत."

बुवा निमूटपणे पंगतीत जाऊन बसले.