आईच्या हातची पाटी

पाटी टांगायला खिळा एकच लागतो, पण तिच्यापायी झालेले किस्से जन्मभर पुरतात. मला अक्षर येत नाही. म्हणून मी पाटी वाचत नाही, पाटी वाचून माणसं काय करतात ते बघते. झाशीच्या सदर बाजारात आमच्या श्रीकांतची खानावळ आहे. तिथं बसल्या बसल्या इतकं साठलंय की पोटात मावत नाही.

खानावळीच्या आधी मी घरीच रेल्वेतल्या एकट्या पोरांचे डबे करायची. नाव झालं, तसं माझ्या लेकानं दुकान घेतलं आणि बोर्ड लावला, ‘माँ के हाथ का खाना’. पेंटरला आई काढायला सांगितली. त्यानं कॅलेंडरातली काढली. गोरीपान, भरगच्च अंबाडा. मी विचारलं, ही कोण बाई?

श्रीकांत म्हणाला, "आई, आईसारखी दिसायला नको का?"

*

दुकान नवं होतं तेव्हा छावणीतला एक जवान आला. थाळी पुढ्यात आली तरी हात लावीना. म्हणे, आधी माँला भेटवा. मला पिठाच्या हातांनी बाहेर आणलं. त्यानं बोर्डाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि वाकून पाया पडला. मग पोटभर जेवला.

तेवढा एकच माणूस पाटी वाचून शहाण्यासारखा वागला.

*

गर्दी वाढली तसा श्रीकांतनं कुक ठेवला. मला म्हणाला, आता आराम कर. आराम म्हणजे काउंटरमागच्या कोपऱ्यातली खुर्ची. आमटीतला गूळ गेला, पोळीच्या जागी तंदुरी रोटी आली. बोर्ड मात्र तोच.

त्याच बोर्डावर खाली ‘घर जैसा माहौल’ असंही लिहिलंय. सिविल लाइंसचे एक बाबू रोज मिठावरून आरडाओरडा करायचे. श्रीकांतनं हात जोडून सांगितलं, भाईसाहब, जरा हळू. ते बोर्डाकडं बोट दाखवून म्हणाले, "घर में भी ऐसे ही चिल्लाता हूँ."

एकदा बायकोला घेऊन आले. हे ओरडत होते, ती खाली मान घालून जेवत होती. खोटं नव्हते बोलत बिचारे.

*

कुकनं रसोईच्या दारावर पाटी लावली, आत यायला मनाई. मी सरळ आत गेले आणि डाळीत गुळाचा खडा टाकला. तो म्हणाला, "अम्मा, बाहर लिखा है न!" मी म्हटलं, भैया, मला वाचता कुठं येतं? ज्याला वाचता येतं त्याला मनाई.

रोज जायची. रोज खडा टाकायची.

मग श्रीकांतनं दाराला आतून कडी बसवली. कडी वाचावी लागत नाही.

*

रिकामटेकडे पंख्याखाली बसतात म्हणून काउंटरमागं आणखी एक पाटी आली. सुनेला विचारलं, काय लिहिलंय गं? ती आधी सांगेचना. मग म्हणाली, ‘बिना काम के न बैठें’. पाटी नेमकी माझ्या खुर्चीच्या वर. मी उठून उभी राहिले. भर जेवणाच्या वेळेला उभीच. गिऱ्हाइकं बघायला लागली.

श्रीकांत जवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, ते बाहेरच्यांसाठी आहे."

"मग मला काम दे."

त्यानं लसणाची टोपली आणून माझ्या मांडीवर ठेवली. तेव्हापासून मी लसूण सोलते.

*

परवा गरौठ्याकडच्या खेड्यातला एक म्हातारा आला. डोक्याला साफा, कोर्टाच्या तारखेला आलेला. बोर्ड कुणाकडून तरी वाचून घेतला आणि आत बसला. थाळी आली तर ती सरकवून म्हणाला, "मताई को बुलाओ." मताई म्हणजे आई. लिहिलंय ना माँच्या हातचं, मग तिनंच वाढायचं. तिनं वाढल्याशिवाय घास घेणार नाही.

श्रीकांतनं समजावलं. म्हातारा हलेना. मागं माणसं खोळंबलेली. ही काय बसलीय माझी आई, असं श्रीकांतनं म्हणावं, तर लोक लगेच विचारतील, ही इथं तर चुलीशी कोण?

श्रीकांत म्हणाला, "बाबा, माँ अब नहीं रहीं."

म्हाताऱ्यानं साफा काढून मांडीवर ठेवला, बोर्डावरच्या बाईला हात जोडले. न जेवताच उठला. सुतकात दुकान उघडं ठेवू नये, असं श्रीकांतला हलक्या आवाजात सांगितलं. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबला.

"अम्मा, आप उनकी कौन लगती थीं?"

मी म्हटलं, "कोई नहीं, भैया. मैं तो लहसुन छीलती हूँ."