कन्नडचा सामना

आमच्या दाजींच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात: घोटा धरला की जागेवर थांबणारी, आणि घोटा धरला तरी धरणाऱ्याला फरफटत नेणारी. जात, शिक्षण, पगार, पक्ष या गोष्टी दाजी नंतर बघतात आणि बहुतेक वेळा बघायच्या विसरतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहरातल्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर कबड्डी शिकवली. हुद्दा क्रीडाशिक्षकाचा असल्यामुळं कागदोपत्री क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि बुद्धिबळही त्यांच्याकडंच होतं, पण बुद्धिबळाच्या पोरांनाही ते आधी बैठका मारायला लावत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरचे सगळे मुलगा बघायला गेले. वडिलांनी शेती विचारली, काकांनी नोकरी विचारली, आईनं घरातली आजारपणं विचारली. दाजी चहा संपेपर्यंत मान खाली घालून बसले होते. बाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "जावईबापू, कसा वाटला?" दाजी म्हणाले, "घोटा रुंद हाय. संकटात पळणार नाय." या मतावर माझं लग्न झालं, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते, अंदाज चुकला नाही.

जालना रोड ओलांडताना दाजी रस्ता ओलांडत नाहीत, चढाई करतात. कंबरेत किंचित झुकायचं, नजर चिकलठाण्याकडून येणाऱ्या ट्रकवर ठेवायची, ओठांतल्या ओठांत 'कबड्डी कबड्डी' सुरू करायचं आणि दम सुटायच्या आत दुभाजकाला हात लावायचा. मधेच एखादी रिक्षा अंगावर आली तर ते पुढं जात नाहीत, मागं फिरून फुटपाथला शिवतात आणि नव्यानं सुरुवात करतात. माझ्या बहिणीनं त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडणं कधीच सोडलं. ती म्हणते, "तुमची चढाई चालू द्या, मी रिक्षानं येते." कोणी पत्ता विचारला तर दाजी 'चार मैदानं सरळ, मग डावा कोपरा' असा सांगतात. पाया पडायला वाकलेल्या विद्यार्थ्याला आशीर्वाद देण्याआधी म्हणतात, "गुडघ्यात वाक, कंबरेत नको." मग त्याला दोनदा पुन्हा वाकायला लावतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ही गुरुभक्ती.

मी बहिणीकडं राहून शिकले, तेव्हा या संकटातून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेजात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. पुढं खेळाच्या प्रमाणपत्रावर त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली, आणि मुलींच्या संघाबरोबर बाई व्यवस्थापक हवी या नियमानं दाजींनी मला पुन्हा मैदानावर ओढलं. मी पडले यादीवाली. क्रेप बँडेज, ओळखपत्रं, गूळ-शेंगदाणे, परतीच्या गाडीची वेळ हे सगळं माझ्याकडं. दाजींकडं फक्त माती. कॉलेजच्या मागचं ते मातीचं मैदान दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः चाळून घालणार, खडा सापडला तर तो खिशात घालून घरी आणणार. बहिणीला धुण्यात साबणाआधी खडे सापडत.

मातीच्या मैदानाला रोज संध्याकाळी पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर फुफाटा उडतो आणि गुडघे सोलून निघतात. दुष्काळाची वर्षं आली, नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं, कॉलेजात टँकर सुरू झाला, आणि प्राचार्यांनी मैदानावर थेंब टाकायला बंदी केली. दाजींनी त्यावर स्वतःचा नियम काढला: पाहुण्यांनी पाणी आणावं. आपल्याकडं पाहुण्याला आधी पाणी विचारतात, यांनी ते उलटं केलं. जो संघ आमच्याकडं खेळायला येईल त्यानं बरोबर दोन कॅन पाणी आणायचं. अंघोळीचं असो, भाजी धुतलेलं असो, मैदानाला चालतं. आम्ही दुसरीकडं गेलो तर आमचे कॅन आमच्याबरोबर. विभागातल्या सगळ्या कॉलेजांनी दाजींना नावं ठेवली आणि सगळ्यांनी कॅन घेतले.

सगळ्यांत आधी आणले घाटाजवळच्या कन्नड गावातल्या कॉलेजच्या सरांनी. हे सर आणि दाजी तरुणपणी एकमेकांविरुद्ध खेळलेले, पुढं दोघेही शिकवायला लागले आणि वर्षानुवर्षं एकमेकांना हरवत राहिले. कन्नडचा संघ एसटीनं यायचा. पहिल्या वर्षी कंडक्टरनं कॅन बघून सामानाचं तिकीट मागितलं. कन्नडचे सर म्हणाले, "सामान कुठलं, ह्या आमच्या राखीव खेळाडू हायेत."

"मग अर्धं तिकीट फाडू का पूर्ण?"

"मैदानात उतरल्याशिवाय कसं सांगू?"

कंडक्टरनं तिकीट फाडलं नाही, पण संध्याकाळच्या फेरीला निकाल मात्र विचारून घेतला.

सामना चालू असताना हे दोघं एकाच बाकावर बसत आणि समोर बघत एकमेकांशी बोलत. "काय पाव्हणं, पोरींना जेवू घालता का नुसतं पाणीच पाजता?" दाजी विचारत. "पाजायला पाणी राहिलंय कुठं, सगळं तुमच्या मातीत वतलं की," कन्नडचे सर म्हणत. जो हरेल त्यानं दोन्ही संघांना भजी खाऊ घालायची. हरलेल्या संघाच्या मुली जिंकलेल्या संघाच्या मुलींपेक्षा जास्त भजी खातात, हे माझं व्यवस्थापक म्हणून निरीक्षण आहे.

मग शहर पसरायला लागलं. बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, चिकलठाण्याच्या पुढं इमारती उठल्या, आणि आमच्या संस्थेनं स्वतःचं खासगी विद्यापीठ काढलं. आमचं कॉलेज जुन्या विद्यापीठातून निघून त्यात गेलं. मातीच्या जागी बंदिस्त हॉल आणि मॅट आली, पोरींना बूट आले, जर्सीवर एका पाइप कंपनीचं नाव आलं. छातीवर पाण्याच्या पाइपांची जाहिरात आणि वसतिगृहात टँकर, असे ते दिवस होते. या पैशाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या वेळी मुरगळलेल्या पायावर हळद बांधून खेळायचो. या मुलींना रोज अंडी-दूध मिळालं आणि गुडघ्यासाठी डॉक्टर मिळाला. पण नव्या वेळापत्रकात गुजरात होतं, पंजाब होतं, पुण्यातली दोन विद्यापीठं होती. कन्नड नव्हतं. दाजी तो कागद घेऊन संस्थेच्या सचिवसाहेबांकडं गेले.

"साहेब, ह्यात कन्नड राहिलंय."

"राहिलं नाही, सर. ते जुन्या विद्यापीठात, आपण नव्या. आता आपली लेव्हल वेगळी."

"गाव हललं नाय, घाट हलला नाय, मग सामना कसा हलला?"

"हे पैशाचं गणित असतं, सर."

"मग असंल. गणितात मी कच्चाच हाय," म्हणून दाजी परत आले आणि त्या दिवशी चक्क सरळ चालत रस्ता ओलांडून घरी गेले. बहीण घाबरली.

हॉलच्या उद्घाटनाला पाइप कंपनीचे मालक येणार होते. दाजी सवयीप्रमाणं पहाटेच पोचले आणि त्यांनी सवयीप्रमाणंच संपूर्ण मॅटवर एका लयीत पाणी शिंपडलं. सराव करायला उतरलेल्या मुली या टोकाकडून त्या टोकाला घसरत गेल्या. मग ग्रंथालयातली पुस्तकं पुसायची झाडून सगळी फडकी, ऑफिसातले टेबलफॅन आणि माझ्या दोघी सहकारी अशी फौज लावून आम्ही मॅट वाळवली, तोवर मालकांना बाहेर तिसरं सरबत चाललं होतं. "दाजी, मॅटवर कोणी पाणी मारतं का?" मी विचारलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. "अगं, मातीचा वास का येईना म्हणून आणखी एक कॅन टाकला."

दुसऱ्या वर्षी सचिवसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. कन्नडच्या संघातली शीतल नावाची मुलगी चढाईत फार पुढं गेली होती. "फी माफ, वसतिगृह, खुराक, सगळं देऊ. तिथल्या सरांची तुमची दोस्ती आहे, तुम्हीच तिला घेऊन या," असं साहेब म्हणाले. दाजींनी घरी येऊन ताट बाजूला सारलं. "दोस्ताच्या घरात शिरून पोरगी पळवायची?" पण प्रश्न एवढाच नव्हता. शीतलचे वडील मेंढपाळ. पाण्याच्या शोधात कळप घेऊन ते गोदावरीच्या काठाला गेले होते, आणि मागं चुलत्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. तिच्या पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं ठरत आलं होतं. हे खुद्द कन्नडच्या सरांनीच फोनवर सांगितलेलं. माझी बहीण म्हणाली, "पळवायला नका जाऊ. विचारायला जा." मग दाजी मला घेऊन एसटीत बसले.

त्या दिवशी कन्नडचा आठवडी बाजार होता, म्हणून शीतलचे वडीलही आले होते. मैदानाच्या कडेला लिंबाखाली आम्ही बसलो. शीतल आमच्या मागं उभी राहिली. आणि दाजी बोलायला लागले. कांद्याच्या भावावर बोलले, साखर कारखान्याच्या गाळपावर बोलले, घाटात बंद पडलेल्या ट्रकवर तर फारच सविस्तर बोलले. तिसरा चहा आला तेव्हा कन्नडचे सर म्हणाले, "गड्या, तू मागायला आला हायेस. माग की."

"नाय मागत. ही गेली तर तुझी टीम मोडंल."

"टीम मोडली तर पुढच्या साली बांधीन. पोरगी मोडली तर काय बांधू?"

दाजींनी कप खाली ठेवला. मग शीतलचे वडील पुढं सरकले. ते म्हणाले, "मास्तर, उद्या हिचा गुडघा गेला, खेळणं थांबलं, मग फी कोण भरणार? आम्ही तर गावावर नसतो."

"आबा," मागून शीतल म्हणाली, "मेंढरू लंगडलं तर त्याला घाटात टाकून येता का?"

"नाय."

"मग ह्यांना तेच विचारा. टाकून येणार का म्हणावं."

"व्हय, तेच इचारतो," वडील म्हणाले.

ती हमी देणं दाजींच्या हातात नव्हतं, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "चार दिवस द्या," एवढंच ते म्हणाले. परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मुलगी खेळो वा न खेळो, पदवी होईपर्यंत तिची फी आणि वसतिगृह संस्थेकडं.

सचिवसाहेबांनी ते वाचून कागद परत सरकवला. "खेळली नाही तर का द्यायचं, सर? कंपनीवाले मला विचारतील." घड्याळ बघून ते उठले, मीटिंगला निघाले. दाजी त्यांच्या वाटेतल्या बुटक्या सोफ्यावर बसलेले. साहेब शेजारून जाताना दाजींचा उजवा हात खाली गेला. त्यांनी तो मुद्दाम नेला असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांची सवय माणसाला विचारून हलत नाही. साहेब जागच्या जागी थांबले. आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की पाय हलत नाही.

"सर, पाय सोडा."

"सही करा, साहेब."

"अहो, आधी पाय तर सोडा."

"सोडला की तुम्ही रेषेला शिवणार."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

मी पेन उघडून पुढं केलं. "साहेब, इथं. शेवटच्या ओळीखाली."

त्यांनी सही केली. आणि हेही लिहिलं पाहिजे की त्यांनी ती पाळली. शीतल आली, दोन हंगाम अशी खेळली की पाइप कंपनीच्या मालकांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वर्षी पंजाबातल्या एका सामन्यात तिचा गुडघा गेलाच. डॉक्टरनं खेळ बंद सांगितला. फी बंद झाली नाही. ती पदवीधर झाली, पुढं शिकली. तिकडं कन्नडची टीम मोडली ती मोडलीच. सरांनी पुढच्या साली बांधायला घेतली, त्याच्या पुढच्या सालीही घेतली. पण ज्या मुली तयार व्हायच्या त्यांना कुठल्या ना कुठल्या नव्या विद्यापीठाची माणसं येऊन घेऊन जायची, आणि सर प्रत्येकीला जाऊ द्यायचे. टीम नसतानाच ते निवृत्त झाले. कन्नडशी आमचा सामना परत झाला नाही.

शीतल आता बिडकीनजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी शाळेच्या क्रीडा महोत्सवाला तिनं दोन्ही म्हाताऱ्यांना बोलावलं. मी होतेच. मुलींसमोर तिनं कन्नडच्या सरांचा हात धरून सांगितलं, "हे माझे सर." मग दाजींकडं वळली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आणि हे मला न्यायला आले होते."

परतताना दाजींनी रस्त्यावरच्या ट्रककडंही बघितलं नाही. मला वाटलं, मनाला लागलं असेल. "दोन वर्षं तुमच्या हाताखाली खेळली, आणि तुम्हाला सर म्हणाली नाही," मी म्हणाले.

"सर काय, रगड असत्यात," दाजी म्हणाले. "न्यायला कोण येतंय?"

ते ऐकून मला आमच्या घरचा ओटा आठवला. माझी दहावी झाली त्या वर्षी आमच्या गावची विहीर आटली होती आणि वडिलांनी माझं शिक्षण बंद करायचं ठरवलं होतं. बहिणीचं नवीनच लग्न झालेलं. एका दुपारी दाजी एसटीनं आले, ओट्यावर टेकले आणि वडिलांना म्हणाले, "हिला न्यायला आलोय." वडिलांनी फार विचारलं नाही, त्यांनीही फार सांगितलं नाही. मी कपड्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागं निघाले. त्या दिवशी आभार मानायचे असतात हे मला कळत नव्हतं, आणि पुढं कळलं तेव्हा दाजींना ते ऐकायला वेळ नव्हता.

आता त्यांचा दम पुरत नाही, महिन्यातून एकदा दवाखान्यात दाखवावं लागतं. बहीण फोन करते आणि मी जाते. दारात उभी राहून सांगते, "दाजी, न्यायला आलेय." ते चपला घालून तयारच बसलेले असतात.