सतरावी बरणी

सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता भाऊ म्हणायचे, "वरून समदं बरं हाय, ताई. आतलं गेलं." मग चष्मा पुसत उठायचे आणि महिनाभर जपलेली क्रीमची बॅच फेकून द्यायला सांगायचे. हे वाक्य मी सतरा वेळा ऐकलं. दर वेळी माझं डोकं फिरायचं.

भाऊ आंदर मावळातले. बी.एस्सी. होऊन तळेगावच्या आमच्या कारखान्यात लागलेले, आणि तीस वर्षं दुसऱ्यांनी कागदावर लिहिलेली क्रीम बनवत आलेले. निवृत्तीआधी स्वतःचं एक तरी औषधी क्रीम दुकानात गेलेलं बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता. हातात घेतलं मात्र अवघडातलं अवघड. औषधाच्या पाण्याचे थेंब तेलात, आणि त्या तेलाचे थेंब पुन्हा पाण्यात. औषध त्वचेवर हळूहळू उतरावं म्हणून ही खटपट. आतला थेंब फुटला, की सारण नसलेली करंजी हातात. क्रीम वरून मऊच दिसतं, कामाचं राहत नाही.

पहिलं मिश्रण जोरात घुसळायचं, दुसरं अगदी सावकाश. त्या दुसऱ्या वेळी भाऊ जेवायलाही जात नसत. एकदा मोठ्या साहेबांनी वेग वाढवायला बटणाला हात लावला. भाऊ म्हणाले, "साहेब, हात काढा. लेकरू निजलंय." साहेबांनी मुकाट हात काढला.

माल प्रवासात टिकतो का, हे बघायला ते बरण्या मांडीवर घेऊन एसटीने लोणावळ्याला जाऊन येत. कंडक्टरने एकदा विचारलं, "आजोबा, लोणचं का?"

"व्हय. मुरतंय अजून."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. त्याच्यावर चिडता येतं, पण त्याला सोडून जाता येत नाही.

मी त्यांची मदतनीस. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच मी तयार करायचे. क्रीम घट्ट, थेंब एकमेकांवर चढलेले. नीट दिसावेत म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब घालून ते पातळ करत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

सतराव्या बॅचनंतर कंपनीने काम बंद केलं. महिन्याभरात भाऊ निवृत्त झाले. निरोपाची शाल घडी करत म्हणाले, "जमलं न्हाई, ताई. आपली अक्कल तेवढीच."

वर्षभराने कपाट आवरताना नमुन्याची सतरावी बरणी सापडली. त्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर संपलेलं होतं. मी क्रीम तसंच, काचेवर अगदी पातळ पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. थेंबात थेंब, सगळे शाबूत. डिस्टिल्ड वॉटरची बाटली भरून आणली आणि नेहमीसारखा एक थेंब सोडला. आतल्या थेंबांत औषधाबरोबर मीठ होतं. त्यांनी ते बिनमिठाचं पाणी ओढून घेतलं, ते मनुकांसारखे फुगले आणि माझ्या डोळ्यांदेखत फुटले. भाऊंचं क्रीम बिघडलेलं नव्हतंच. ते दर वेळी मीच फोडत होते, आणि फुटलेलं त्यांना दाखवत होते.

रविवारी भाऊंच्या गावाला जायला कामशेतहून जीप धरली, पुढे तासभर चालले. भाऊ गोठ्यात वैरण टाकत होते. मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेले होते.

भाऊंनी हातातली पेंढी खाली ठेवली. "म्हंजे टिकलं हुतं?"

"वर्षभर टिकलं, भाऊ."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग आता कंपनी बनवंल की."

"नाही. मशीन विकलं. ते औषध आता दुसरीच कंपनी काढते. मी विचारून बघितलं."

भाऊ बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग कशाला सांगितलं, ताई?"

मी खाली ठेवलेली पेंढी उचलून गाईपुढे टाकली. खरं उत्तर एवढंच होतं, की मला हलकं व्हायचं होतं.