कॅमेऱ्याची लिमिट

सिद्धोधनचं नाव काढलं की माझं डोकं आजबी फिरतंय. मी राजेश्री, मानवतच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. तो तिथं कम्प्युटर सांभाळायचा. पाथरीहून एसटीनं यायचा, बोलणं कमी, काम चोख.

एकाच जुन्या कम्प्युटरवर सगळं चालायचं. बिलं, कॅमेरे अन् ऑक्सिजनची घंटी. सिलिंडरमधला दाब उतरला की वॉर्डात घंटी वाजायची, मग आमी दुसरा सिलिंडर लावायचो. पण कॅमेऱ्याचा प्रोग्राम लय खादाड. सगळी मेमरी गिळायचा अन् घंटी मुकी पडायची. सिद्धोधननं आठ दिवस नजर ठेवून कोण किती खायलाय ते पाह्यलं अन् कॅमेऱ्याला लिमिट घातली. तवापासून घंटी एकदाबी चुकली न्हाई.

शनिवारी मालक डॉक्टर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचे अन् रांगेतून मोबाईलवर दवाखाना बघायचे. अशाच एका शनिवारी चित्र अडकायला लागलं. लगेच सिद्धोधनला फोन. "लिमिट काढ."

"साहेब, घंटी बंद पडंल. सटवाजीबाबा ऑक्सिजनवर हायत."

"आधी काढ, मग शहाणपणा शिकव."

त्यानं काढली. अन् सिलिंडरपाशी जाऊन उभा ऱ्हायला, दाबाच्या काट्याकडं डोळे लावून. "आता मीच घंटी," म्हणला. मी हसले. मेली अक्कल माझी!

अर्ध्या तासानं परत फोन. मालकाला कॅमेऱ्यात तो नुसता उभा दिसला. "फुकटचा पगार घेतो का रे? काउंटरवर जा, बिलं अडकलीत."

जाता जाता मला म्हणला, "ताई, काट्याकडं बघा."

मी हो म्हणले. तेवढ्यात एका बाळंतिणीच्या कळा वाढल्या अन् मी तिकडं पळाले. कुणाला सांगून जावं, एवढंबी सुचलं न्हाई. परत आले तवा काटा शून्यावर होता. बाबांचे ओठ काळेनिळे पडले होते. नवा सिलिंडर लावला, छाती दाबली, देवाला हाका मारल्या. गेलाच म्हातारा.

चौकशी बसली. कम्प्युटरच्या नोंदीत लिमिट काढणाऱ्याचं नाव सिद्धोधन. मालकानं हात वर केले, "मला काय कळतंय त्यातलं?"

मग मला विचारलं, "काट्याकडं कोण बघत होतं?"

तो समोरच बसला होता. मान खाली. काटा माझ्यावर सोपवून गेला होता हे त्यानं सांगितलं न्हाई, मला सांभाळायलाय हे मला कळत होतं.

मी म्हणले, "सिद्धोधन." अन् जबाबाखाली सही केली.