आजोबांची गाडी मी का देऊन टाकली

इकडे ये गं, अशी जवळ बस. कागदावरूनच बोलावतेय, दुसरं काय करणार? फोन तू उचलत नाहीस. पाच महिने झाले. एवढा राग बरा का गं? माझ्या वयाच्या बाईला कुणी इतकं ताटकळत ठेवतं? मराठी तुला वाचता येत नाही, म्हणून हे तुझा बाबा तुला वाचून दाखवील. मध्ये तो थांबला तर थांबू दे. त्याला घाई करू नकोस.

त्या दिवशी तू मला वेडी म्हणालीस, ते मी तिथंच सोडून दिलं. पण "दॅट कार वॉज ऑल आय हॅड ऑफ हिम" म्हणालीस ना, ते लागलं. कारण ते खरं आहे. आजोबा तुझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. दर रविवारी तुला शेजारी बसवून आइस्क्रीम खायला न्यायचे, तुझे चिकट हात स्वतःच्या रुमालानं पुसायचे. तो माणूस खोटा नव्हता. पण त्याच गाडीपाशी मला आणि तुझ्या बाबाला दुसरा माणूस भेटला होता. त्याच्याबद्दल आम्ही दोघांनी तुला कधी सांगितलं नाही. चूक आमची.

आम्ही नागपूरहून इथं अमेरिकेत आलो तेव्हा घरात जेवायला टेबल नव्हतं, खाली पेपर पसरून जेवायचो. आणि यांनी गाडी आणली ती ही! निवृत्त झालेल्या एका अमेरिकन म्हाताऱ्याकडून. साय असते ना दुधावरची, तसा रंग, आत लाल कातडी सीट, पुढचा बंपर आरशासारखा. लांब इतकी की गॅरेजचं दार जेमतेम लागायचं. "राजे लोकांची गाडी आहे, हात लावायचा तर धुऊन लावायचा," हे म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत.

पहिला दसरा आला. मी हौसेनं गाडीची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं केलं. आणि नारळ वाढवला तो थेट बंपरवर! आमच्या माहेरी ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावरच नारळ वाढवायचे गं, शकुनाचं मानायचे. मला काय माहीत, ही राजे लोकांची गाडी इतकी नाजूक असेल म्हणून? बंपरला खड्डा पडला. छोटासाच, अंगठा बसेल एवढा. यांनी वाकून पाहिला, त्यावरून बोट फिरवलं. मग पूजेचं पितळी ताट उचललं आणि माझ्या तोंडावर मारलं. मी खाली पडले तेव्हा दुसऱ्यांदा मारलं. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते मला कळेना. भुवईला सहा टाके पडले. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले. तो व्रण तू लहानपणी बोटानं चाचपायचीस ना, तो हा.

तू विचारशील, पोलिसांना का नाही बोलावलंस? अगं, नोकरी त्यांची, व्हिसा त्यांचा, मी त्यांच्या कागदाला टाचलेली. इंग्रजी येत नव्हतं. शाळा चौथीतच सुटली होती. जे काही इंग्रजी वाचते-लिहिते ते इथल्या लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणून आणून शिकले. मार खायला मात्र शिकावं लागलं नाही. तो आपोआप येत गेला. काचेवर डाग राहिला तर थोबाडीत, दार जोरात लागलं तर केस धरून भिंतीवर. मला वाटायचं, गाडीच्या वाटेला गेलं नाही की झालं.

मग तुझा बाबा नऊ वर्षांचा असताना मागच्या सीटवर ओकला. ताप होता पोराला. यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि त्याला मानेला धरून बाहेर ओढला. तो घाबरून दाराची चौकट धरून राहिला. "बाबा नको, बाबा नको," म्हणत होता. यांनी दार लावलं.

त्याचा हात आत होता, हे त्यांना दिसत होतं. मी समोरच्या आरशात त्यांचं तोंड बघत होते. दिसत होतं त्यांना.

राजे लोकांच्या गाडीचं दार जड असतं. हाडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. बास्केटबॉल खेळताना बोट मोडलं, असं तुझ्या बाबानं तुला सांगितलंय. त्यानं आयुष्यात बास्केटबॉलला हात लावलेला नाही.

तो सोळा वर्षांचा झाला आणि एकदा त्यानं यांचा उगारलेला हात मनगटापाशी पकडला. त्यानंतर घरात हात उठला नाही. पुढं तू झालीस आणि हे निवळले. माफी कधी मागितली नाही.

ते गेल्यावर तुझ्या बाबाला विचारलं, "गाडी नेतोस का रे?"

"आई, मला ती दिसायलासुद्धा नको."

मग मी चौकशी केली. मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बायका आणि त्यांची मुलं जिथं राहतात, अशी घरं चालवणारी एक संस्था आहे. जुन्या गाड्या घेते, लिलावात विकते. मी फोन केला, कागदांवर सह्या केल्या. इतकं साधं होतं गं. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. मी फक्त "गाडी दिली" एवढंच सांगितलं, तेही आदल्या रात्री फोनवर.

न्यायला येणार त्या सकाळी शेवटचं पुसून द्यावी म्हणून गॅरेजमध्ये गेले. फडका घेऊन बसले बंपरपाशी. फडका कधी खाली पडला आठवत नाही. स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि पुढचा दिवा फोडला. मग दुसरा. मग समोरच्या काचेवर घातला. पहिल्या घावात फुटेना, म्हणून दोन्ही हातांनी उचलून घातला, चार वेळा. बॉनेटवर घातला. तोंडानं काय काय शिव्या दिल्या, तुझ्या बाबाला वाचायला लाज वाटेल म्हणून लिहीत नाही. खोटं नाही सांगत, बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. यांनाही असंच बरं वाटत असेल का? बत्ता खाली ठेवला तेव्हा तळहात सोलून निघाले होते.

गाडी ओढून न्यायला टो ट्रकवाला आला. गाडीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"ॲक्सिडेंट, मॅडम?"

"नाही. मीच केलं."

"तुम्ही ठीक आहात?"

"किंमत कमी येईल ना रे आता? त्या बायकांचं नुकसान केलं मी."

"घेऊन जातो, मॅडम. ते लोक आहे तशी घेतात," म्हणाला बिचारा आणि साखळी अडकवू लागला.

तेवढ्यात तू आलीस. फुटक्या काचेची गाडी ट्रकवर चढताना पाहिलीस आणि किंचाळलीस, मला वेडी म्हणालीस, ते इंग्रजी वाक्यही तेव्हाच बोललीस. मी तोंड उघडायच्या आत तुझी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

आता हे सगळं ऐकून आजोबांना टाकून दे, असं मी म्हणत नाही. तुझे रविवार तुझेच आहेत, त्यांच्यावर मी बत्ता घालणार नाही. पण तू आलीस की त्या रविवारांबद्दल मला सांग. ते काय बोलायचे, हसायचे का, कुठल्या रस्त्यानं न्यायचे. त्या माणसाला मी फार कमी ओळखते. मी मध्ये बोलणार नाही. बरं, कमी बोलेन. पण ये गं बाई, या शनिवारीच ये.