वसंतभाऊंचं काळं रीळ

मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळायची जुनी रिळं आणि त्यांवरचा मुलामा, या विषयाचा सखोल व्यासंग असलेले बुलढाणा जिल्ह्यात दोनच विद्वान होते. एक देऊळघाटचे वसंतभाऊ, दुसरा मी. मासा दोघांनीही कधी धरला नव्हता. भाऊ माळकरी, मला पाण्याची भीती वाटते.

नवं रीळ हाती आलं की भाऊ आधी अंगठी काढत, हात धूत, मग रीळ गालाला लावत. "डोये फसतात बे, गाल नाही फसत." मीही गाल लावू लागलो. एबोनाइट, म्हणजे जुनं कडक काळं रबर, समजून ज्याला मी दोन वर्षं बदामाचं तेल चोळलं, ते प्लास्टिक निघालं. भाऊ एवढंच म्हणाले, "जाऊ दे. गाल तं मऊ झाला असन तुहा."

त्यांचा जीव एका विलायती रिळावर होता. पितळेचं, पण कारखान्यातच आम्लाने काळपट केलेलं. त्या काळेपणासाठी मुंबईचे संग्राहक फोन करत. "हे त्याची कातडी हाय," भाऊ सांगत. संकट एकच, महालक्ष्म्या. त्या बसण्याआधी वहिनी घरातलं यच्चयावत पितळ चिंचेनं आणि राखेनं घासत. एक भांडं काळं राहिलं तरी त्यांना चैन पडत नसे. म्हणून भाऊ दरवर्षी रीळ तुरीच्या पोत्यात दडवत.

"कुठी हाय तुमचं ते काळं?" वहिनी विचारत.

"हरपलं."

महालक्ष्म्या उठल्या की सापडे.

यंदा मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं. या घरातल्या शेवटच्या महालक्ष्म्या. वहिनी ओसरीत भांडी घासत होत्या, पण रिळाबद्दल चकार शब्द नाही. भाऊ येरझारा घालत होते. "काऊन विचारून नाही राह्यली हे?" मला हळूच म्हणाले. मग पोत्यातून रीळ काढलं आणि स्वतःच चिंच घेऊन बसले.

मी हादरलो. वारसा, इतिहास, मूळ मुलाम्याचं पावित्र्य यांवर उभ्या उभ्या बरंच बोललो.

"झालं तुहं भाषण?" भाऊ म्हणाले. "या घरात तिले एक डाव समदं पितळ चमकलेलं पाहू दे. राख सरकव इकडं."

मी राख सरकवली.

रीळ सोन्यासारखं निघालं. भाऊंनी ते दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरलं. वहिनींनी रीळ घेतलं, उलटं करून पाहिलं.

"मांगच्या बाजूनं काळंच राह्यलं," त्या म्हणाल्या.